ताळा

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. “वन्सं, ह्यांच्या जुन्या ट्रंकेत कॅसेटी निघाल्यात. भंगारवाल्याला देऊ का?” मी म्हटलं, “अगं, हातसुद्धा लावू नकोस, मी येतेय!” आणि खरंच दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून गेले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण गेले.

एवढी घाई का, ते आमच्या नातलगांना ठाऊक आहे. इतर वाचकांसाठी सांगते.

१९८४ साली दादाने आमच्या आईच्या ओव्या टेप केल्या होत्या. तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती, जातं कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. दादा म्हणाला, नुसत्या म्हण. आईला एकही आठवेना. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते खोटं नाही. शेवटी जातं मांडलं, शेरभर जोंधळा घेतला, आणि मग तासभर ती थांबली नाही. आई १९८९ मध्ये गेली.

२००५ च्या सुमारास सगळेच कॅसेटीची सीडी करून घेत होते. मीही त्यातली एक कॅसेट अशाच एका दुकानात दिली. दुकानाचं नाव सांगत नाही, मुलगा बिचारा मन लावून काम करणारा होता. आठ दिवसांनी सीडी दिली आणि अभिमानाने म्हणाला, “मॅडम, मागे फार घरघर होती, सगळी काढून टाकली.”

ती घरघर म्हणजे जातं.

घरी येऊन ऐकलं. आईचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, शब्दांच्या कडा झिजलेल्या. मूठभर दाणे घातले की जात्याचा सूर बदलतो, आणि त्याबरोबर म्हणणारीचा श्वासही. ते सगळं गेलं होतं. मूळ कॅसेट मागायला गेले तर ती सापडेना. पुढे दुकानही बंद झालं. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला यंत्र कळत होतं, ओवी कळत नव्हती. मला ओवी कळत होती, पण त्याच्या शेजारी बसून “हे काढू नकोस” सांगायची अक्कल मला सुचली नाही. मी पैसे देऊन भाजी आणायला निघून गेले.

माझं मत आज एवढंच आहे, आणि ते मी जरा आग्रहाने मांडणार आहे. जुना आवाज, जुनी चित्रफीत जपायची तर तिच्यात काय आहे हे जाणणारा माणूस आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारा माणूस यांनी एका टेबलाशी बसलं पाहिजे. एकाने दुसऱ्याला काम ‘देऊन’ ते होत नाही.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. जात्यावरच्या ओव्यांचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून वीसेक वर्षांत एक लाख दहा हजारांहून जास्त ओव्या गोळा करून लिहून काढल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभियंते त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची माहिती संगणकावर पद्धतशीर रचली आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. ते भांडार आधी गुरगावच्या लोकसंगीताच्या संग्रहाकडे होतं, मग फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला गेलं, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळू लागल्या. गुरगाव, फ्रान्स आणि परत आपल्याकडे! एवढ्या प्रवासात ते हरवलं नाही, कारण कोणीतरी दर वेळी ते उचलून पुढच्या घरी नेलं. आणि नुसता आवाज नेला नाही, ओवी कुणाची, कुठल्या गावची, हेही बरोबर नेलं. माझ्या सीडीवर दुकानदाराने काय लिहिलं होतं? ‘ट्रॅक १’.

परदेशात चित्रफितींच्या बाबतीतही असंच घडलं. ते माझ्या नातवाने समजावलं. (तो पुण्यात कंपनीत प्रोग्रॅमर आहे. समजावताना दोनदा उसासा टाकला, पण समजावलं.) जुन्या व्हिडिओ टेपचं एका तासाचं चित्रण काहीही न दाबता संगणकावर उतरवलं तर नव्वद जीबीच्या वर जागा लागते. एवढी जागा कुठल्या संग्रहाला परवडणार? मग ते दाबून बसवायचं, पण एक कणही न गमावता. मिखाएल नीडरमायर या प्रोग्रॅमरने त्यासाठी ‘एफएफव्ही-१’ नावाची पद्धत २००३ च्या सुमारास लिहायला घेतली. ती कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही, कुणीही वापरावी.

तिच्या तिसऱ्या आवृत्तीतली एक गोष्ट ऐकून मी खुर्चीतच सरळ बसले. चित्राच्या प्रत्येक चौकटीचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा एक आकडा लिहून ठेवतात. पुढे पन्नास वर्षांनी फाइल उघडली आणि आकडा जुळला नाही, तर नेमका कुठला तुकडा नासला ते कळतं.

मी म्हटलं, “अरे, हा तर ताळा!”

निकालपत्रक करताना आम्ही विषयवार उभी बेरीज आणि मुलांची आडवी बेरीज करायचो. दोन्हींचा मेळ बसला की सही. नाही बसला तर कुठल्या ओळीत चूक आहे ते शोधायचं. तीसेक वर्षं तेच केलं की! नातू म्हणाला, “आजी, बरोबर, ताळाच.” मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

या पद्धतीचं सविस्तर वर्णन ऑगस्ट २०२१ मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने प्रसिद्ध केलं, क्रमांक ९०४३. उद्या आजचे सगळे प्रोग्रॅम नष्ट झाले तरी तो कागद वाचून कुणीही नवा प्रोग्रॅम लिहू शकेल, यासाठी तो. त्यावर तीन नावं आहेत. एक नीडरमायर. दुसरे जेरोम मार्टिनेझ, ‘मीडियाइन्फो’ बनवणारे. आणि तिसरे डेव्ह राइस, न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत चित्रफिती सांभाळणारे अभिलेखपाल. चित्रफिती सांभाळणाऱ्याचं नाव प्रोग्रॅमरांच्या शेजारी! माझ्या मते हीच त्या कागदातली मोठी बातमी आहे.

कुणी म्हणेल, खरखर काढून ऐकायला गोड केलं तर बिघडलं काय? काहीच नाही, खुशाल करा. पण प्रतीवर करा. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांची ‘आयासा’ म्हणून जागतिक संघटना आहे, तीही हेच सांगते की आधी जसं आहे तसं, गाळणी न लावता उतरवून ठेवा. आजकालची मीटिंगची ॲप्स तर न विचारताच मागचा आवाज गाळतात. मागचा आवाज म्हणजे कचरा, हे ठरवलं कुणी? कुकरची शिट्टी, अंगणातला कावळा, शेजारणीची हाक, यातलं काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

असो. ट्रंकेत सात कॅसेटी निघाल्या. पाच सिनेमाच्या गाण्यांच्या. एकीवर बुरशी आली आहे, ती नातवाने वेगळ्या पिशवीत ठेवली आणि एवढ्यात लावायची नाही असं बजावलं. सातवीवर दादाच्या अक्षरात ‘आई, जातं, २’ असं लिहिलंय.

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस शोधायला तीन आठवडे लागले. परवा रविवारी आम्ही दोघं बसलो. मशीन आणि कानांवरचं ते यंत्र त्याच्याकडे, वही-पेन माझ्याकडे. कितव्या मिनिटाला कुठली ओवी, मध्ये कोण खोकलं, हे मी लिहीत होते. पहिल्या दहा मिनिटांत त्याने विचारलं, “आजी, ही घरघर मोटरची की जात्याची?” मी डोळे मिटून ऐकलं. दोन्ही होत्या. एक सारखी चाललेली, बारीक. दुसरी दाणे पडले की जड होणारी. त्याने दोन्ही तशाच ठेवल्या.

सोळाव्या मिनिटाला जातं थांबतं. आई कुणाला तरी म्हणते, “दार लोटून घे गं.” ती ‘गं’ मी असावी. त्या दिवशी मी तिथे होते हे मी पार विसरले होते.

फाइलीच्या तीन प्रती केल्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, एक बेळगावच्या मावसबहिणीकडे, आणि प्रत्येकीबरोबर ताळ्याचा आकडा. कॅसेट माझ्या कपाटात आहे, कुणालाही देणार नाही.

आता नातलगांना विनंती. दादा १९८४ च्या दिवाळीत पंढरपूरच्या आत्याकडेही तो टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता. तिथल्या कुणाच्या माळ्यावर काळ्या झाकणाची सोनी कॅसेट असेल तर लावून बघू नका, उन्हात ठेवू नका, पुसू नका. मला फोन करा, आम्ही दोघं येतो.