विहाराच्या खोलीत कॉकपिट कशाला?

नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानाच्या पुढच्या दोन खुर्च्यांवर आपल्या वस्तीतले कोण बसते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सफाईत, सामान चढवण्या-उतरवण्यात, बाहेरच्या रिक्षा-टॅक्सीत आपली माणसे लगेच दिसतात. कॉकपिटमध्ये ती शोधावी लागतात.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे किमान २०० तासांचे उड्डाण लागते. हा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण होते. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि तो दरवाजा बंद झाला. देशातल्या वैमानिकांत महिला सुमारे १५ टक्के आहेत, हे सरकार अभिमानाने सांगते, आणि जगाच्या तुलनेत ही गोष्ट खरोखर मोठी आहे. पण त्या महिला कोणत्या समाजघटकांतून येतात, हे विचारले की सगळे गप्प होतात.

या पार्श्वभूमीवर एक सूचना मांडत आहे. ज्या विहाराला किंवा अभ्यासिकेला एखादी रिकामी खोली आहे, तिथल्या तरुणांनी कमी पैशात विमानाचे सराव-कॉकपिट, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, स्वतःच्या हाताने बांधावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: भाकरीचे, घरकुलाचे, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना हा श्रीमंतांचा खेळ कशाला?

सिम्युलेटरचा इतिहास पाहा. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये आपल्या वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात पहिले यशस्वी सराव-यंत्र बनवले. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याने एका लाकडी खोक्याखाली बसवले. हवा भरली-सोडली की खोके विमानासारखे कलायचे. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून घेतले. १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरू लागले, तेव्हा लष्कराने तीच खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. भाता आणि लाकूड हाताळणाऱ्या कारागिराच्या बुद्धीतून हे यंत्र आले. भाता आणि लाकूड आपल्या बहुजन समाजाला नवे आहे काय?

जातिव्यवस्थेने हात आणि डोके यांची फारकत केली. ज्याच्या हातात कसब त्याला ग्रंथ नाही, आणि ज्याच्याकडे ग्रंथ त्याने हत्याराला शिवायचे नाही. यंत्रे आल्यावरही हे थांबले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, हे कारण. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि आपल्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्याही, शिष्यवृत्त्या मागितल्या. आपण मात्र त्यांचे 'शिका' हे पदवीपुरते आणि स्पर्धा परीक्षेपुरते आवळून टाकले.

जगात इतरांनी हे कसे केले, तेही पाहू. बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेने प्रवेश दिला नाही. तिने फ्रेंच भाषा शिकून फ्रान्स गाठले आणि १९२१ मध्ये परवाना मिळवला. तिला हा मार्ग सुचवला तो 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या संपादकाने. तो काळ आपल्याकडे 'मूकनायक'चा. पुढे शिकागोतच कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन या दोन मोटार मेकॅनिकांनी मोटारसायकलचे इंजिन बसवून एक आसनी विमान तयार केले, विमानविद्येचे शिक्षण भांडून मिळवले आणि मग आपल्या समाजातल्या मुलामुलींना शिकवले. दार उघडण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. लढाही दिला आणि स्वतःचे वर्गही उभे केले.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. तयार योक आणि पेडल बाजारातून आणले तर सगळे बजेट त्यातच संपते. त्यामुळे ते आपणच बनवायचे. प्लायवूडची चौकट आणि भंगारातली मोटारीची सीट घ्या. योक पुढे-मागे सरकण्यासाठी कपाटाच्या ड्रॉवरला लागणारे चॅनल वापरा, फिरण्यासाठी पीव्हीसी पाइप आणि बेअरिंग, आणि हात सोडल्यावर मध्यावर परत येण्यासाठी स्प्रिंग. पायाच्या रडरसाठी मध्यभागी खिळवलेली एक आडवी फळी पुरते. प्रत्येक हालचालीला एक पोटेन्शियोमीटर जोडा, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तो. त्याच्या तारा काही शे रुपयांच्या 'प्रो मायक्रो' बोर्डाला जोडल्या की संगणक सगळ्या जुळणीला जॉयस्टिक म्हणून ओळखतो. हा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतो.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. 'फ्लाइटगिअर' मोफत आणि मुक्त स्रोत आहे. कार्यालयांनी काढून टाकलेला, आठ जीबी रॅमचा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्सचा संगणक सुरुवातीला पुरतो. त्यात शिकाऊ वैमानिकांचे नेहमीचे सेसना १७२ विमान आहे. दुसरा जुना मॉनिटर आडवा ठेवा आणि त्यावर सहा गोल भोके पाडलेला हार्डबोर्ड बसवा. वेग, क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढ-उताराचा दर दाखवणारी सहा उपकरणे त्या भोकांतून दिसतील. जुना संगणक धरून वीस-पंचवीस हजारांत हे उभे राहते, असा माझा हिशेब आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या एका रात्रीला किती जातात, ते प्रत्येक मंडळाने आपापल्या वहीत पाहावे.

ते बांधायला वेल्डर लागेल, सुतार लागेल, वायरमन लागेल आणि कोड लिहिणारी अभियांत्रिकीची विद्यार्थिनीही लागेल. वस्तीत हे सगळे आहेत, पण एका टेबलाभोवती कधी बसलेले नाहीत. त्या टेबलावर आयटीआयवाल्याला पदवीधरापुढे मान खाली घालावी लागत नाही. माझ्या लेखी ही गोष्ट कॉकपिटपेक्षा मोठी आहे.

गणिताची भीती घालवायलाही याचा उपयोग आहे. तीन अंशाच्या उताराने उतरायचे तर जितके हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचे. सहा हजार फुटांवर असाल तर अठरा मैल. शंभर नॉट वेग असेल तर त्याची पाचपट, म्हणजे मिनिटाला पाचशे फूट खाली यायचे. तीनचा आणि पाचचा पाढा कशाला पाठ करायचा, असे यानंतर आठवीतली मुलगी विचारणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: यातून खोटी आशा पेरली जाईल. हा धोका खरा आहे, म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा की या कॉकपिटमधला एकही तास परवान्यासाठी मोजला जात नाही. मोजले जातात ते डीजीसीएने मान्य केलेल्या सिम्युलेटरचे तास, आणि तेही मर्यादेत. 'पायलट बनवतो' म्हणून विहारात फी गोळा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण आशा खरी करण्याचे मार्गही आहेत. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमावलीत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाचे नाव आलेले आहे. आज त्याखाली किती निधी आहे आणि महाराष्ट्रातल्या किती जणांना मिळाला, हे माहिती अधिकारात विचारणे कार्यकर्त्याचे काम आहे. हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी भारतीय विमानतळ प्राधिकरणात मिळते. ते आजही सार्वजनिक क्षेत्रात आहे, तिथे आरक्षण आहे आणि भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. झालेला उमेदवार अर्ज करू शकतो. आपल्याकडे असे पदवीधर कमी नाहीत, पण या परीक्षेचे नाव त्यांच्या कानावर गेलेले नसते. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना हा आणखी एक मार्ग. त्या खोलीत बसणाऱ्या वीसपैकी एकही वैमानिक झाला नाही आणि दोघे नियंत्रण मनोऱ्यात गेले, तरी खर्च वसूल झाला.

एक अट मात्र पाळावी लागेल. खुर्चीवर बसण्याच्या पाळीत निम्मी नावे मुलींची हवीत, आणि सोल्डरिंगची गनही त्यांच्या हातात हवी. नाहीतर मुलगे यंत्राशी आणि मुली चहाशी, ही जुनीच वाटणी आपण नव्या खोलीत करू.

अत्याचाराविरुद्धचे मोर्चे निघतीलच, निघायलाच हवेत. मोर्चा आपल्या हक्काचे राखतो. जे आपले आहे असे कुणी आपल्याला कधी सांगितलेच नाही, ते मिळवण्याची तयारी मात्र अशा खोल्यांमध्ये करावी लागेल. येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा हा विषय पटलावर ठेवा. विरोध करणाऱ्यांचेही ऐका आणि मग ठरवा.

जयभीम!