वायदा करण्यापूर्वी दिवस मोजा

व्यापारी बंधूंनो, ईद जवळ आली की आपल्या बाजारात एकच तक्रार ऐकू येते, "वेळच पुरत नाही." माझ्या मते वेळ कमी नसतो, आपण अंगावर घेतलेले काम जास्त असते.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली ती ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. हे लहान मुलालाही ठाऊक आहे. तरी आपण माल मात्र गेल्या सालच्याच तारखेला नोंदवतो आणि तेवढे दिवस सुरुवातीलाच गमावतो.

मालेगावच्या ग्रे कापडाचे पाहा. सूत, साइझिंग, माग, मग रंगाई-छपाईसाठी पाली-बालोतऱ्याला रवानगी. परत आल्यावर कटिंग आणि शिलाई. एक टप्पा चार दिवस अडला की पुढचे सगळे अडते. म्हणून हिशोब ईदपासून उलटा मांडावा. त्यातून शुक्रवारची सुट्टी, वीज जाणे, वाहतुकीचा खोळंबा यांचे दिवस आधीच वजा करावेत. रमजानमध्ये कारीगर रोज्याने असतो, तेव्हा बारीक आणि अवघड काम शाबानमध्येच उरकावे.

मी स्वतः एका साली हा हिशोब केला नाही. दोघांना पुरेल एवढी ताकद असताना चार दुकानदारांना होकार दिला. कारीगर रात्र-रात्र जागले, शिलाई बिघडली आणि दोन गाठी माल ईद उलटल्यावर पोहोचला. एका जुन्या गिऱ्हाइकाने भांडण केले नाही, पैसेही चुकते केले. पण पुढच्या साली त्याचा निरोप आला नाही. तो आजतागायत आलेला नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. समजा, चार कारीगर रोज प्रत्येकी पाच कुर्ते शिवतात. वीस दिवसांत चारशे झाले. तर मागणी साडेतीनशेचीच घ्यावी. उरलेले पन्नास आजारपण आणि अडचणीसाठी राखावेत. प्रत्येक वायदा एकाच वहीत लिहावा आणि नवा होकार देण्यापूर्वी ती वही उघडावी.

"नाही" म्हणताना हातचा धंदा गेल्यासारखे वाटते. पण वेळेवर दिलेला नकार गिऱ्हाईक विसरतो, मोडलेला वायदा विसरत नाही. शिवाय आपल्या लोभाची रात्रपाळी कारीगराला करावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.