मध्यम पल्ल्याचा दमसास

८०० मीटरच्या शर्यतीत लागणारी निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते. १५०० मीटरमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. तरीही शालेय स्पर्धा जवळ आल्या की मैदानोमैदानी ४०० मीटरचे रिपीटेशन सुरू होतात. त्यांचा परिणाम काही आठवड्यांतच घड्याळात दिसतो आणि लवकरच थांबतो, कारण खाली दमसासाचा पायाच नसतो.

हा पाया संथ धावण्यातून तयार होतो. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतल्या तंतुकणिका वाढतात. या बदलांना कित्येक महिने, पुढे वर्षे लागतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ८०० मीटरच्या पीटर स्नेललाही आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळवले आणि स्नेलने १९६० मध्ये रोमला ८०० चे, १९६४ मध्ये टोकियोला ८०० व १५०० चे सुवर्णपदक जिंकले. तो आकडा मात्र प्रौढ धावपटूचा आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या वहीत तो उतरवणे हा निव्वळ अविचार ठरेल. घ्यायचा तो क्रम: आधी दम, मग वेग.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो गटाच्या सरावात. सतरा वर्षांचा मुलगा आरामात पळत असतो; त्याच्या मागे चिकटून राहण्यासाठी तेरा वर्षांच्या मुलाची रोजच शर्यत होते. त्याला पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर ती धाव त्याच्यासाठी संथ नाही. गट वयाप्रमाणे नव्हे, दमाप्रमाणे पाडावेत आणि अशा दिवशी स्टॉपवॉच खिशातच ठेवावे.

उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याखाली आणि टाचेत दुखणे सर्रास आढळते. तेव्हा अंतर वाढवू नये. डांबरी रस्ता सोडून माती किंवा गवतावर पळवावे आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. अंतर वाढवतानाही दोन-तीन आठवड्यांनंतर एक आठवडा हलका हवा. मुलींच्या बाबतीत सराव नियमित असूनही दम वाढत नसेल, तर मेहनतीवर बोट ठेवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाची कमतरता असेल, तर सराव वाढवून उपयोग नाही.

वेगाला पूर्ण सुट्टी देण्याचेही कारण नाही. आठवड्यातून दोनदा, संथ धाव संपल्यावर, ८०-१०० मीटरच्या पाच-सहा मोकळ्या धावा, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, पायांची चपळाई टिकवायला पुरतात.