पिंगळ्याच्या पायाची चिठ्ठी

हिवाळ्यातल्या रविवारी हतनूर धरणाच्या फुगवट्यावर गेले, की हल्ली दुर्बिणींपेक्षा वर धरलेले मोबाइल जास्त दिसतात. बाभळीच्या जाळीतून कुठलासा वटवट्या ‘चक्‌ चक्‌’ करतो. कुणीतरी फोन पुढे करतो, पडद्यावर आवाजाच्या रेघा सरकू लागतात आणि बघता बघता नाव उमटते. नाव यादीत पडते, मंडळी पुढच्या झाडाकडे निघतात. पक्षी कुणीच पाहिलेला नसतो, आणि त्याचे कुणाला काही वाटतही नाही.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २०२१ मध्ये ‘मर्लिन’ ॲपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आणली. कालपर्यंत चिमणी आणि कावळ्यापलीकडे न गेलेली कितीतरी माणसे तिच्यामुळे आज भल्या पहाटे उठून तळ्यावर जातात. तेव्हा ॲपला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र कुणीतरी दिलेल्या नावावर डोळे झाकून विसंबण्याची चैन खानदेशाला तरी परवडणारी नाही. एका खोट्या नोंदीने काय होते, ते या मुलखातल्याच एका पक्ष्याने भोगले आहे.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला तो १८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले आणि त्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविटचे नाव गुंफले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूमच. (त्या काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले. उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्यात ह्यूमसाहेबांचा पिंगळा नांदतो आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते.)

खानदेशात हा पक्षी टिपला जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने. त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची मोठी यादी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली होती. त्या काळी पक्षिनिरीक्षकाचे मुख्य साधन बंदूक. पक्षी पाडायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची: कुठे, कधी, कुणी. ती चिठ्ठी गेली, की उरते ते पिसांचे नुसते बोचके.

डेव्हिडसनच्या १८८४ च्या नमुन्यांनंतर रानपिंगळा कुणाला मिळाला नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नावाजलेल्या इंग्रज संग्राहकाच्या कपाटात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतले मांडवी आणि १९१४ हे साल होते. पुढच्या लोकांनी ती चिठ्ठी प्रमाण मानली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखे जाणकारही या पक्ष्यासाठी हिंडले आणि रिकाम्या हातांनी परतले. मधल्या काळात कुणाला तो दिसल्याच्या बातम्या यायच्या. त्यातले पिंगळे साधे निघायचे.

पॅमेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी ते कातडे बारकाईने तपासले तेव्हा बिंग फुटले. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना लांबवला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि पायाला स्वतःच्या हातची चिठ्ठी बांधली होती. पक्षी मूळचा डेव्हिडसनचा. चोरी पुरी लपली नाही, कारण डेव्हिडसनची पक्षी भरायची पद्धत त्याची स्वतःची होती आणि तिच्या खुणा आत शिल्लक होत्या.

मांडवी बाद झाल्यावर शोध खऱ्या नोंदींच्या गावांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पोचले. सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर पिंगळा बसलेला होता, आणि त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते. साध्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, चोच मोठी, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, आणि भर दिवसा उघड्यावर बसून शेपटी उडवायची खोड. पक्षी उडून जायच्या आत त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. म्हणजे हा पक्षी ११३ वर्षांनी परत सापडला तो धुळे जिल्ह्यातच.

आवाज टिपणाऱ्यांसाठी यातला खरा धडा पुढे आहे. रानपिंगळा ओरडतो कसा, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हते. कातडी बोलत नाहीत. पुन्हा सापडल्यावर रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून १९९९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. साध्या पिंगळ्याचा कलकलाट चिरका आणि लांबलचक, याची हाक आखूड, गोलसर. कानाला हे माहीत झाल्यावर रान ऐकण्याची तऱ्हाच बदलली. तोरणमाळ, मेळघाट, यावल अशा जंगलांतून त्याच्या नोंदी आल्या. २०१४ मध्ये तर तो मुंबईच्या अंगणातल्या तानसा अभयारण्यात निघाला. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. पक्षी एकाएकी वाढले असे नाही. तो कुठे कुठे आहे, हे जास्त ठिकाणी कळले.

आवाजावरून पक्षी ओळखणे आपल्याकडे नवे नाहीच. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी आपल्याला पिंगळ्याची भाषा कळते असे सांगूनच भविष्य बोलायचा. मृगाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडतो, ते शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्याच आवाजात इंग्रजाला ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आले. कान आपापल्या चिंतेप्रमाणे ऐकतो. ॲपला चिंता नसते, एवढाच काय तो फरक. त्याने आधी जे आवाज ऐकलेत त्यांच्याशी तो पडद्यावरच्या रेघांचा आकार ताडून पाहतो आणि या गावात, या महिन्यात कोण असू शकेल याचा अंदाज त्यात मिसळतो. ज्या पक्ष्याची ध्वनिमुद्रणे थोडी, तिथे त्याची झेपही थोडी. सातपुड्याच्या कडेला ती आणखी तोकडी पडते, कारण हौशी मंडळींचे माइक आजवर पुण्या-मुंबईच्या आसपासच जास्त फिरले.

त्यात कोतवाल. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, तारेवर बसलेला. हा पक्षी शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. फोन शिक्रा दाखवतो, यादीत शिक्रा जातो, आणि तारेवरचा कोतवाल किडे पकडत राहतो. मान वर करून बघितले असते तर दोन सेकंदांचे काम होते.

म्हणून नव्या माणसाने पहिले पैसे दुर्बिणीवर घालावेत, कॅमेऱ्यावर नव्हे. हे मत अनेकांना पटणार नाही, कारण फोटो समूहावर टाकता येतो, दुर्बिणीतून पाहिलेले टाकता येत नाही. पण लाखाची लेन्स गळ्यात असलेला माणूस पक्षी पाहत नसतो, तो फ्रेम पाहत असतो. ‘आठ बाय बेचाळीस’ची बरी दुर्बीण आठ-दहा हजारांत येते. आठ म्हणजे आठपट मोठे दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागले की सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात उतरतो. पहाटेच्या अंधूक उजेडात बुबुळ साधारण तेवढेच उघडते, त्यामुळे चित्र काळवंडत नाही. ‘वीस बाय पन्नास’ असे ठसठशीत छापलेले स्वस्त मॉडेल मोहात पाडते, पण त्याने हात इतका थरथरतो की हतनूरचे चांदवे पाण्याऐवजी हवेत नाचताना दिसतात.

आवाजासाठी सुरुवातीला फोन पुरे, पण त्याची खोड ओळखून. फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्याची गोंगाट कमी करायची सोय बरेचदा पक्ष्यालाच गोंगाट समजून दाबते. ती बंद करावी. फाइल ‘वेव्ह’ प्रकारात ठेवावी. समूहावर ऑडिओ म्हणून पाठवली की ती आणखी दाबली जाते आणि बारीक तपशील जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर शाबूत पोचते. पुढे हौस वाढली तर छोटा रेकॉर्डर आणि माइकवर घालायची केसाळ टोपी घ्यावी. रावेर-यावलच्या केळीच्या बागांशेजारी उभे राहून एकदा ध्वनिमुद्रण केले, की ही टोपी कशासाठी ते समजते: फाटक्या पानांची फडफड, मागे मोटारीची घरघर, आणि या दोन्हींत बुडालेला सुगरणीचा चिवचिवाट.

लुडविग कोख या जर्मन मुलाने १८८९ मध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर शामाचे गाणे टिपले. शामा आपल्या जंगलातला पक्षी, तिथे पाळलेला. जगातले सर्वांत जुने टिकलेले पक्ष्याचे ध्वनिमुद्रण म्हणून ते ओळखले जाते. मुलगा सात-आठ वर्षांचा होता, म्हणजे साधन जवळ असले तर वयाची अडचण नाही.

अडचण दुसरीच आहे. टिपलेला आवाज पक्ष्याला परत ऐकवायचा, तो चवताळून पुढे येतो, मग फोटो. याला ‘प्लेबॅक’ म्हणतात. सर्वेक्षणात अभ्यासक तो परवानगीने आणि मोजून वापरतात. हौशी माणसाने घरट्याच्या दिवसांत झाडाखाली स्पीकर लावणे ही सरळ दांडगाई आहे. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून पक्षी अंडी-पिल्ले सोडून त्याला हुडकत राहतो. रानपिंगळा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे स्पीकर काढण्यापूर्वी आठवले तरी बरे.

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. सप्ताहात फलक लागतात, भाषणे होतात, चित्रकला स्पर्धा होते. त्याऐवजी जळगाव-धुळ्यातल्या तालुका वाचनालयांनी चार-चार दुर्बिणी घेऊन त्या पुस्तकासारख्या आठवडाभर घरी द्याव्यात, सोबत एक वही. वहीत ॲपने सांगितलेले नाव वेगळ्या रकान्यात आणि डोळ्यांनी पाहिलेले वेगळ्या. दोन्ही जुळले नाहीत तर ते न जुळणेच लिहावे. अशा पाच वर्षांच्या वह्या मेहरूण तलावाबद्दल किंवा नकाणे तलावाबद्दल जे सांगतील, ते हजार फोटो सांगणार नाहीत.

जुन्या ध्वनिमुद्रकांची एक सवय त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. आवाज टिपून झाला की बटण बंद करण्याआधी ते माइकमध्येच बोलतात. चिठ्ठी वेगळी बांधायची नाही, ती आवाजाच्या पोटातच शिवायची. मग कुणा कर्नलला ती सोडून दुसरी बांधणे अवघड. धुळ्याचा एखादा मास्तर उजाडताना लळिंगच्या कुरणात उभा राहून हे करू लागला, तर त्याचे बोलणे साधारण असे असेल: “लळिंग, किल्ल्याच्या खालचे कुरण. सकाळचे सहा वाजून अठ्ठावीस मिनिटे. वारा नाही. मागे आग्रा रोडवरचे ट्रक. पिंगळ्यासारखा आवाज, दोनदा. ॲपने नाव दिले आहे. पक्षी दिसला नाही.”