सौम्य फेसामागील कठोर प्रश्न

'वनस्पतिजन्य', 'सल्फेटविरहित' अशी विशेषणे मिरविणाऱ्या शाम्पूंनी आज दुकाने भरली आहेत. ही विशेषणे सर्वस्वी खोटी नाहीत, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. खोबरेल तेलातून निघणारी मेदाम्ले ग्लुटामिक आम्ल किंवा ग्लायसीन यांसारख्या अमिनो आम्लांना जोडली, की मळ काढणारे व फेस देणारे एक द्रव्य तयार होते. ते त्वचेला सौम्य असते आणि मातीपाण्यात लवकर विघटन पावते. जपानमध्ये १९७०च्या दशकातच ही द्रव्ये बाजारात आली. विज्ञानाची ही प्रगती स्वागतार्हच आहे.

परंतु बाटलीवरील चिठ्ठी ग्राहकाच्या त्वचेविषयी बोलते. कामगाराच्या फुफ्फुसांविषयी ती मौन पाळते. मेदाम्ल आणि अमिनो आम्ल सहजासहजी एकत्र येत नाहीत. प्रचलित पद्धतीत मेदाम्लाचे आधी आम्ल-क्लोराइड करावे लागते आणि त्यासाठी थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड किंवा फॉस्जीन वापरतात. थायोनिल क्लोराइड वापरले, तर गंधक डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन दाहक वायू सुटतात. फॉस्जीन तर पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरलेला वायू. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या मिथिल आयसोसायनेटने हजारोंचे प्राण घेतले, तेही फॉस्जीनपासूनच बनविले जात होते. प्रत्येक कारखान्यात फॉस्जीन असते असे नव्हे. पण 'निसर्गाची देणगी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा मार्ग कोठून जातो, हे जनतेला कळू नये काय?

दुसरा प्रश्न तेलाचा. भरपूर फेस देणारे लॉरिक आम्ल खोबरेल तेलात सुमारे निम्मे असते, तितकेच पामबीज तेलातही असते. जगातील बहुतांश पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. तेथे मळ्यांसाठी जंगले तोडली गेली आणि स्थानिकांच्या जमिनी गेल्या. म्हणजे एकीकडे वनवासी उखडला जातो, आणि दुसरीकडे त्याच तेलाच्या बाटलीवर हिरवे पान छापले जाते!

यावर उपाय शाम्पूवर बहिष्कार हा नव्हे. मेदाम्लाच्या मिथिल एस्टरपासून, म्हणजे क्लोरीनयुक्त रसायने टाळूनही, ही द्रव्ये बनविता येतात. विकरांच्या साहाय्याने बनविण्याचे प्रयोगही झाले आहेत. मग ते मार्ग सर्रास का रुळत नाहीत? कारण जुनी पद्धत जलद आहे, उत्पन्न चांगले देते आणि तिच्या धोक्याची किंमत मालकाच्या हिशेबवहीत चढत नाही. ती चढविणे हेच राजकारणाचे काम आहे. सार्वजनिक प्रयोगशाळांनी सुरक्षित पद्धतींवर पैसा खर्च करावा आणि केरळ-कोकणातील नारळ उत्पादकांच्या सहकारी संस्थांना या उद्योगात वाटा मिळावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देणे मालकांवर बंधनकारक ठरले. हा हक्क कोणाच्या औदार्याने नव्हे, हजारोंच्या मरणाने मिळाला. रासायनिक वसाहतींत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो कागदावर राहू देता कामा नये. टाकीत काय आहे, हे टाकीजवळ उभा राहणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. तोवर फेस कितीही सौम्य असो, त्याला स्वच्छ म्हणता येणार नाही.