पेटीची ओळख आणि कारागिराचा हक्क

गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यात पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे निघालेली वाहनांची रांग मुंबईकरांच्या परिचयाची आहे. पुण्याचा आणि गोव्याचा असे दोन्ही महामार्ग या परिसरातून जात असल्यामुळे मोटार-दुरुस्ती हा पनवेलमधील अनेक घरांचा चरितार्थ झाला. प्रीमियर पद्मिनीच्या काळात येथील कारागीर इंजिनाचा दोष कानाने ओळखत असे. आज भर पावसात वायपर बंद पडलेली एम. एच. ४६ क्रमांकाची मोटार त्याच्या दारी येते, तेव्हा कान आणि पाना पुरेसे ठरत नाहीत.

वायपर, दिवे, दारांची कुलुपे, खिडक्यांच्या काचा यांचा कारभार आता ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूल’ नावाच्या एका पेटीकडे गेला आहे. बहुतेक मोटारींत ती डॅशबोर्डच्या खाली दडलेली असते. इंजिनाची, ब्रेकची व एअरबॅगची पेटी निराळी. आणि या साऱ्या पेट्या तारांच्या जोडीवरून एकमेकींना निरोप धाडतात. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ पद्धत ती हीच. चालकाने वायपरची कळ फिरवली की वीज थेट मोटरकडे जात नाही. कळ पेटीला सूचना देते आणि पेटी ती अमलात आणते.

म्हणूनच दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे पेटीची नेमकी ओळख. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांचा भाग-क्रमांक आणि आतील आज्ञावली भिन्न असू शकते. भंगारातून आणलेली पेटी जोडली, तर अनेक मोटारींत ती मालकाची किल्लीच ओळखत नाही. शिवाय पुष्कळदा दोष पेटीत नसतोच. उतरलेली बॅटरी, जळालेला फ्यूज, गंजलेली अर्थिंगची तार किंवा झिरपलेले पाणी हे खरे कारण असते. हे शोधण्यासाठी वायरिंगचा नकाशा आणि स्कॅनर लागतो. तो नसला की कारागीर अंदाजाने पेटी बदलतो आणि त्या अंदाजाची किंमत पगारदार मालक मोजतो.

ही माहिती कारागिराला मिळू नये, यात कोणाचे हित आहे? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली न ठेवल्याबद्दल. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली प्रचंड बहुमताने दुरुस्तीचा हक्क मान्य केला. केंद्र शासनानेही २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

किल्ली आणि कुलपाची गुपिते खुली केली तर चोरांचे फावेल, हा कंपन्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु त्यावरचा उपाय सर्वांना अंधारात ठेवणे हा नसून, किल्लीसंबंधीची कामे नोंदणीकृत कारागिरांकडे सोपवणे हा आहे. वायपरच्या तारेचा नकाशा दडवल्याने कोणतीही चोरी टळत नाही.

कारागिरांवरही जबाबदारी आहेच. नव्या विद्येकडे पाठ फिरवून जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्याला काळ थांबून राहणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग मराठीतून चालवले, तर गॅरेज न सोडता त्याला ही विद्या मिळू शकेल. पैसे मोजून घेतलेली मोटार मालकाची असेल, तर तिच्यातील पेटीची ओळखही त्याची आहे. आणि ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची, हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच असला पाहिजे.