विश्लेषण : घरच्या स्टुडिओला ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर कशाला?

माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेईपर्यंत बजेट संपते. मग सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ केलेले चालवले जाते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणे गुन्हा आहे : ७ दिवस ते ३ वर्षे कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड. (आर्थिक लाभ नसल्यास न्यायालय केवळ दंड करू शकते.) खरे तर त्याची गरजच नाही. ‘ऑडॅसिटी’ मोफत आहे, मॅकवर ‘गॅरेजबँड’ही. मात्र पेटी, तबला, गायन असे अनेक ट्रॅक जुळवायचे तर ‘रीपर’ अधिक सोयीचे. चाचणी ६० दिवसांची, परवाना ६० डॉलरचा. व्यावसायिक वापरातही वार्षिक उत्पन्न २० हजार डॉलरपर्यंत असेल तर तोच पुरतो. मुदत संपल्यावरही ‘रीपर’ बंद पडत नाही. पण तेव्हा पैसे न भरता वापरणे अधिकृत ठरत नाही.